रोझाना पाउलिनोंची शिवण: पोर्तुगीजभाषिक जगातल्या कृष्णवर्णीय स्त्री-कलावंत

सांजदिवा

ब्राझीलच्या रोझाना पाउलिनोंची चित्रं २०२२ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, होती. २०२४ साली ओस्लोच्या मुंक संग्रहालयाने कलास्वातंत्र्याचा पुरस्कार सुरू केला, तो पहिल्याच वर्षी त्यांना मिळाला. तरी त्यांच्यावरचे बरेच लेख 'वंशद्वेषाविरुद्धचा बुलंद आवाज' एवढं म्हणून थांबतात. काम कशाचं बनलंय, कसं शिवलंय, कुठे मुद्दाम बिघडवलंय हे कुणी सांगत नाही. माझ्या मते त्यांची न्यायाची बाजू टाक्यातच आहे. टाका नीट पाहिला नाही तर उरते ती फक्त घोषणा. म्हणून या मंचावर चर्चेचा हा धागा.

पाउलिनोंचा जन्म १९६७ चा, साओ पाउलोचा. छापचित्रणात तयार झालेल्या, २०११ साली साओ पाउलो विद्यापीठाची डॉक्टरेट. त्यांची तीन कामं आधी पाहू.

पहिलं 'स्मृतींची भिंत', १९९४ साली सुरू केलेलं. घरच्या अल्बममधले ११ फोटो घेतले आणि कापडाच्या लहान उशांवर छापले. उशी ८ सेंटीमीटर लांब-रुंद, साधारण ३ सेंटीमीटर जाड. आत पॉलिस्टरचं भरण, कडेने सुती दोऱ्याचे हाताचे टाके, काही चेहऱ्यांवर जलरंग. अशा सुमारे १५०० उशा भिंतीवर ओळीने लावलेल्या. आकार पातुआचा, म्हणजे ब्राझीलमध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांत संरक्षणासाठी जवळ बाळगतात त्या ताइताचा. चेहरे अकराच, तेच पुन्हा पुन्हा येतात. रस्त्यातल्या एका माणसाकडे काणाडोळा करता येतो, पंधराशे जोड्या डोळ्यांकडे करता येत नाही, असा त्यांचा स्वतःचा युक्तिवाद आहे.

दुसरी १९९७ ची 'बास्तिदोरेस' (भरतकामाच्या रिंगा) ही मालिका. भरतकामाच्या साधारण ३० सेंटीमीटर व्यासाच्या लाकडी रिंगा, त्यांत ताणलेलं कापड आणि कापडावर कृष्णवर्णीय स्त्रियांचे जुने फोटो उतरवलेले. मग जाड काळ्या दोऱ्याने कुणाचं तोंड शिवलेलं, कुणाचे डोळे, कुणाचा गळा.

तिसरं २०१३ चं 'असेंतामेंतो' (वसणं, स्थिरावणं). त्यावर सविस्तर बोलायला हवं, कारण त्यात एका शास्त्रज्ञाचा फोटोसंग्रह गुंतलेला आहे. आधी तंत्र जाणणाऱ्यांनी दुसऱ्या कामाबद्दल लिहावं.

लिनोकट

बास्तिदोरेसमधला टाका भरतकाम म्हणून पाहिला तर फसगत होते. भरतकामाचा पहिला नियम असा की दोरा कापडाला साजेसा घ्यायचा आणि इतपतच ओढायचा की कापड चुरगळू नये. इथे दोन्ही मोडलेत. पातळ कापडावर जाड दोरा, तोही एकावर एक गिरवल्यासारखा. टाके समांतर नाहीत, लांबीला सारखे नाहीत, आणि जिथे ते दाट होतात तिथे खालचा चेहरा ओढला जातो.

रिंग काढलेली नाही, हेही महत्त्वाचं. एरवी काम संपलं की रिंग सोडून कापड धुतात, इस्त्री करतात. इथे ती चौकट म्हणून तशीच राहिलीय, म्हणजे कापड कायम ताणात आहे. घरातल्या बाईच्या हातात 'शोभेचं काम' म्हणून दिलं जाणारं साधन तिच्याच तोंडावर चाललंय. हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही, वस्तू पाहिली की तो समोरच असतो.

झेरॉक्सवरून कापडावर प्रतिमा उतरवण्याची छापखान्यातली नेहमीची रीत बऱ्याच जणांना माहीत नसते, म्हणून सांगतो. झेरॉक्स किंवा लेझर प्रिंटची शाई ही प्लास्टिकची भुकटी असते, उष्णतेने कागदाला चिकटवलेली. अ‍ॅसिटोनने किंवा थिनरने ती मऊ पडते आणि दाब दिला की कागद सोडून कापडाला धरते. इंकजेटचा प्रिंट चालत नाही, कारण त्याची शाई कागदात मुरलेली असते, ती नुसती फिसकटते.

कापड मांजरपाटासारखं सुती घ्यावं आणि गरम पाण्यात धुऊन कांजी पूर्ण काढावी. कांजी राहिली तर शाई धाग्यापर्यंत पोचत नाही आणि दोन दिवसांत पापुद्रा निघतो. फोटो संगणकावर आरशासारखा उलटा करून गडद छापायचा, छापील बाजू कापडावर पालथी ठेवायची आणि चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या करायच्या. कापसाचा बोळा अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून पिळायचा. गळता बोळा हे बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण, द्रावण जास्त झालं की डोळ्यांच्या जागी डाग उरतो. एका वेळी तळहाताएवढाच भाग ओला करून चमच्याच्या पाठीने अर्धा मिनिट जोर देऊन घासायचं, कारण अ‍ॅसिटोन लगेच उडून जातं आणि सगळा कागद एकदम ओला केला तर शेवटच्या भागाला हात लागेपर्यंत तो सुकलेला असतो. एक कोपरा उचलून पाहायचा, फिका असेल तर तिथेच पुन्हा बोळा. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस, निरांजन, उदबत्ती काहीही जवळ नको. वाफ पटकन पेट घेते.

या रीतीने उतरलेली प्रतिमा कधीच पूर्ण नसते. कुठे दाणा निसटतो, कुठे कापडाची वीण दिसते. नव्या डिजिटल छपाईत हे होत नाही, तिथे सगळं गुळगुळीत येतं. पाउलिनोंच्या नव्वदच्या दशकातल्या कामातले चेहरे झिजल्यासारखे वाटतात त्यामागे हे तंत्र आहे.

सांजदिवा

उत्तम. आता असेंतामेंतो.

१८६५ साली हार्वर्डचे प्राध्यापक लुई अगासी मोहीम घेऊन ब्राझीलला गेले. वरकरणी हेतू मासे आणि निसर्गाचा अभ्यास हा. पण अगासींचा ठाम दावा होता की मानवी वंश वेगवेगळे निर्माण झाले आहेत आणि त्यांच्या मिश्रणाने माणूस निकृष्ट होतो. पुरावा म्हणून त्यांनी रिओमधले छायाचित्रकार ऑगस्त श्टाल यांच्याकडून आफ्रिकी वंशाच्या लोकांचे नग्न फोटो काढून घेतले, समोरून, बाजूने आणि पाठीमागून. त्या वेळी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती, ती १३ मे १८८८ ला संपली. हे फोटो हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात आहेत.

पाउलिनोंनी त्यातल्या एका स्त्रीच्या तीन आकृत्या पुरुषभर उंचीच्या करून कापडावर छापल्या. मग त्या कापल्या आणि पुन्हा शिवल्या, मुद्दाम न जुळवता. शिवणीपाशी शरीराची रेषा सरकलेली दिसते. कापडावर हृदय, गर्भ, पायांपासून निघालेली मुळं ही भर त्यांनी घातली. सोबत लाकडाच्या मोळ्या आणि समुद्राचा व्हिडिओ.

ही शिवण शस्त्रक्रियेतल्या टाक्यांसारखी वाचावी असं त्या सांगतात. जहाजातून उतरवलेल्या माणसाला नव्या जमिनीवर स्वतःला पुन्हा उभं करावं लागलं, पण तुकडे पहिल्यासारखे बसले नाहीत. जखम बंद झाली, व्रण राहिला.

अक्षरवाट

एक मूलभूत हरकत आहे. त्या स्त्रीने नग्न फोटोला संमती दिली नव्हती, देण्याची मुभाच नव्हती. दीडशे वर्षांनी तोच फोटो आणखी मोठा करून संग्रहालयात टांगला, तर हिंसा पुन्हा घडत नाही का? हेतू चांगला आहे एवढ्यावर हे सुटत नाही. प्रेक्षक येतो, नग्न शरीर पाहतो, हळहळतो, पुढे जातो. अगासींच्या माणसांनीही पाहिलंच होतं.

सांजदिवा

हरकत योग्य आहे आणि या प्रकारच्या प्रत्येक कामाला ती लावून पाहायलाच हवी. माझं मत पाउलिनोंच्या बाजूने झुकतं. कारणं तांत्रिकच आहेत.

अगासींना हवी होती तुलना. तीन कोनांतून सारख्या अंतरावरून काढलेला फोटो मोजमापासाठी असतो. शरीर कापून दोन बोटं सरकवलं की मोजमाप बाद होतं, तो फोटो 'नमुना' म्हणून कुणाच्याच उपयोगाचा उरत नाही. दुसरं, आकाराचं. मूळ प्रिंट हातात मावणारा, पाहणारा त्याच्यावर वाकतो. पुरुषभर उंचीच्या आकृतीसमोर पाहणाऱ्याला ताठ उभं राहावं लागतं. तिसरं, हृदय आणि गर्भ. मोजणाऱ्याला जे दिसत नव्हतं आणि नको होतं, ते इथे सगळ्यात आधी डोळ्यांत भरतं.

मात्र यातला एकच तुकडा, कापलेल्या शिवणीशिवायचा, लेखासोबत किंवा पोस्टरवर छापला की तुमची हरकत शंभर टक्के लागू होते. वर्गात दाखवायचं असेल तर संपूर्ण मांडणीचा फोटो दाखवा आणि शिवणीचा जवळून घेतलेला. श्टालचा मूळ फोटो शेजारी ठेवून 'आधी-नंतर' अशी तुलना करू नका. तिथे तो फोटो पुन्हा नमुना बनतो.

अक्षरवाट

आकाराचा मुद्दा पटला. संमतीचा प्रश्न त्याने मिटत नाही, तो मी उघडाच ठेवते. स्मृतींच्या भिंतीत हा प्रश्न येतच नाही, कारण फोटो स्वतःच्या घरचे आहेत. माझ्या लेखी ते काम म्हणूनच अधिक भक्कम.

मांडवीकाठ

ब्राझीलवरच थांबू नका. पोर्तुगालमधली परिस्थिती वेगळी आहे आणि तिथल्या कलावंतांचं साहित्यही वेगळं.

ब्राझीलच्या जनगणनेत रंग किंवा वंशाचा प्रश्न असतो. २०२२ च्या गणनेत पार्दा म्हणजे मिश्रवर्णीय ४५.३ टक्के, प्रेता म्हणजे काळे १०.२ टक्के, गोरे ४३.५ टक्के. पहिल्या दोन गटांना मिळून सरकारी भाषेत 'नेग्रा' लोकसंख्या म्हणतात, म्हणजे तिथे कृष्णवर्णीय बहुसंख्य आहेत. पोर्तुगालच्या जनगणनेत असा प्रश्नच नाही. २०२१ च्या गणनेत तो घालावा अशी मागणी होती, सांख्यिकी संस्थेने २०१९ साली ती नाकारली. परिणाम असा की ब्राझीलची कलावंत 'आम्ही अर्ध्याहून जास्त आहोत, मग तुमच्या दालनात किती?' असं आकड्यानिशी विचारू शकते. लिस्बनच्या कलावंताला आधी आपण आहोत हेच दाखवावं लागतं.

ग्रादा किलोम्बा यांचं 'ओ बार्को' (जहाज) या पार्श्वभूमीवर पाहा. जन्म लिस्बनचा, १९६८. मुळं अंगोला आणि साओ तोमे ई प्रिन्सिपीची, शिक्षण मानसशास्त्राचं. २०२१ साली लिस्बनच्या माट संग्रहालयाबाहेर, तेजू नदीच्या अगदी काठावर त्यांनी जाळून काळे केलेले १४० लाकडी ठोकळे मांडले. मांडणीची लांबी ३२ मीटर. ठोकळ्यांमधून जहाजाच्या तळाचा आकार उभा राहतो, म्हणजे जिथे माणसं कोंबली जात ती जागा. काही ठोकळ्यांवर किलोम्बांची कविता कोरलेली, सहा भाषांत: योरुबा, किम्बुंदू, केप व्हर्दची क्रिओल, पोर्तुगीज, इंग्रजी आणि अरबी.

जागाच निम्मं काम करते. त्याच किनाऱ्यावर, बेलेममध्ये, दर्यावर्दींचं दगडी स्मारक आहे, १९६० साली कायमचं बांधलेलं. त्यावर ३३ आकृत्या आहेत आणि त्यांत स्त्री एकच, राणी फिलिपा. गोव्याच्या माणसाला त्यातले चेहरे ओळखीचे वाटतील, वास्को द गामा, आफोन्सो द अल्बुकर्क, फ्रान्सिस झेवियर सगळे तिथे आहेत. जहाजाचं टोक उंच करून उभी असलेली ती मंडळी आणि नदीकाठी जमिनीवर पसरलेला हा जहाजाचा तळ.

लिनोकट

जाळलेल्या लाकडाबद्दल थोडं. लाकूड वरून नीट करपवलं की कोळशाचा थर तयार होतो, तो कीड आणि पाणी काही प्रमाणात अडवतो. उघड्यावरच्या मांडणीत त्याचा फायदा होतो. अडचण अशी की कोळसा हाताला, कपड्याला लागतो, म्हणून सुटी काजळी ब्रशने काढून वर तेल किंवा पक्कं लेपन द्यावं लागतं. लेपन जास्त झालं की लाकूड चकाकतं आणि जळल्याचा भाव जातो. कोरलेली अक्षरं वाचता यायची तर कोरीव भाग खोल हवा, उथळ अक्षर कोळशात हरवतं.

मांडवीकाठ

बरोबर. किलोम्बांबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. व्हेनिस बिएनालेत देशोदेशींची स्वतंत्र दालनं असतात; २०२२ च्या पोर्तुगीज दालनासाठी त्यांचा प्रकल्प स्पर्धेत होता. चार परीक्षकांपैकी एकाने इतरांच्या मानाने फारच कमी गुण दिले आणि सरासरीत प्रकल्प मागे पडला. आक्षेप घेतला गेला, कलाक्षेत्रातल्या अनेकांनी जाहीर निषेध केला, निकाल बदलला नाही. २०२४ साली त्याच पोर्तुगीज दालनाची जबाबदारी मोनिका द मिरांदा, सोनिया वाझ बोर्जेस आणि व्हानिया गाला या तिघींकडे आली. त्यांनी दालनात झाडंझुडपं आणून 'क्रिओल बाग' उभी केली. एका परीक्षकाच्या गुणांनी सरासरी किती खाली येते, हे ज्यांना स्पर्धांचे नियम लिहायचे असतात त्यांनी नीट पाहावं. चारच परीक्षक असतील आणि टोकाचे गुण वगळायची तरतूद नसेल, तर एकाच्या हातात नकाराधिकार जातो.

पानगळ

साहित्यातही हेच आहे, तिथे प्रश्न संपादनाचा.

कारोलिना मारिया द जेझुस (१९१४–१९७७) साओ पाउलोच्या कानिन्दे झोपडपट्टीत कागद-भंगार वेचायच्या आणि वेचलेल्या वह्यांत रोजनिशी लिहायच्या. १९६० साली ती पुस्तकरूपात आली, दहा हजार प्रतींची पहिली आवृत्ती आठवड्याभरात संपली. संपादन पत्रकार आउदालियो दांतास यांचं. त्यांनी कारोलिनांचं अशुद्धलेखन तसंच ठेवलं आणि मजकूर मात्र कापला. शुद्धलेखनाच्या चुका 'अस्सलपणा' म्हणून राखायच्या आणि काय सांगायचं यावर कात्री चालवायची, हा वाद ब्राझीलमध्ये आजही चालू आहे. २०२१ पासून त्यांचं लेखन न कापता प्रकाशित होऊ लागलं, त्यावर देखरेख करणाऱ्या मंडळात त्यांची मुलगी आणि लेखिका कोन्सेसांव एव्हारिस्तो या दोघी आहेत. वाचायला घेताना आवृत्ती कुठली ते पाहून घ्या, जुन्या आवृत्तीत गाळलेल्या जागी टिंबं आहेत.

एव्हारिस्तोंनी २०१८ साली ब्राझिलियन साहित्य अकादमीच्या सातव्या आसनासाठी अर्ज केला. मागे मोठी लोकचळवळ होती. त्यांना एक मत मिळालं, निवडून आलेल्या चित्रपट-दिग्दर्शकाला २२. ही अकादमी १८९७ साली उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष लेखक माशादो द आसिस स्वतः आफ्रिकी वंशाचे होते. पहिली कृष्णवर्णीय स्त्री तिथे पोचायला २०२५ उजाडलं. आना मारिया गोन्साल्व्हिस, ३१ पैकी ३० मतं.

मोझांबिकच्या लेखिका पाउलिना शिझियान यांना २०२१ चा कामोंइश पुरस्कार मिळाला, कामोंइश या कवीच्या नावाचा, पोर्तुगीज भाषेतल्या साहित्याचा सर्वांत मानाचा; हा मान मिळवणाऱ्या पहिल्या आफ्रिकी स्त्री. १९९० ची त्यांची कादंबरी मोझांबिकमधल्या स्त्रीने प्रकाशित केलेली पहिली मानली जाते. बहुपत्नीत्वावर त्यांनी जे लिहिलं ते सोयीचं नाही, परंपरेलाही नाही आणि युरोपियन वाचकालाही नाही. म्हणूनच वाचावं.

कोरसमधली

चर्चा डोळ्यांची चाललीय, कानाचंही घ्या. केप व्हर्द या अटलांटिकमधल्या द्वीपदेशातल्या सांतियागो बेटावरचं बतुक हे बायकांचं गाणं-वादन आहे आणि त्यातलं वाद्य म्हणजे कापडाचं गाठोडं.

बायका अर्धवर्तुळात बसतात. प्रत्येकीच्या मांड्यांमध्ये घट्ट गुंडाळलेलं कापड, हल्ली त्यावर प्लास्टिक किंवा रेक्झिन चढवतात. त्यावर तळहातांनी वाजवायचं. गाठोडं सैल बांधलं तर नुसता भद्द आवाज येतो. प्लास्टिक ताणून बसवलं तर थाप टणक होते आणि दूरवर ऐकू जाते. सगळ्या एकच ताल धरत नाहीत. काही जणी दोनाच्या चालीत ठोके देतात, काही त्यावर तीनाचा ताल चढवतात, दोन्ही मिळून लय फिरत राहते. एक गायिका ओळ टाकते, बाकीच्या ती उचलतात. हळूहळू ओळ लहान होते, वेग वाढतो, सगळ्यांचे हात एकत्र येतात आणि मध्ये उभी असलेली बाई कमरेला कापड बांधून नाचते. शिकणाऱ्यांचा नेहमीचा घोटाळा म्हणजे सुरुवातीलाच वेग पकडणं. मग शेवटी चढायला जागाच उरत नाही.

वसाहतीच्या काळात प्रशासन आणि चर्च दोघांनीही बतुकवर बंधनं आणली, १९७५ च्या स्वातंत्र्यानंतर ते उघडपणे मंचावर आलं. नासिया गोमी (१९२५–२०११) या त्यातलं मोठं नाव. बतुकसोबत फिनासांव नावाचा प्रकार त्या गात, तालावर लांबलचक, जागच्या जागी रचलेला उपदेश आणि टीका. ज्यांना अक्षरओळख करून दिली गेली नाही त्या बायकांनी दुष्काळ, स्थलांतर, नवऱ्याची मारहाण हे सगळं याच मार्गाने चारचौघांत मांडलं.

कमरेला बांधतात ते 'पानो द तेरा' हेही साधं कापड नाही. अरुंद मागावर विणलेल्या सहा पट्ट्या शिवून ते होतं. गुलामांच्या व्यापारात याच कापडाचा चलनासारखा उपयोग झाला. माणसं विकत घ्यायला वापरलेलं कापड आज बाई नाचताना कमरेला बांधते.

दोराबंडल

कापडावरून एक प्रश्न. गोधडीशी, किंवा आपल्याकडच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांच्या कवंदीशी, म्हणजे तुकड्यांच्या रजईशी, या सगळ्याचा संबंध जोडता येईल का?

मांडवीकाठ

गोधडीशी नका जोडू. धावदोरा जगात सगळीकडे आहे. कवंदीचं वेगळं आहे, तिथे खरा इतिहास आहे.

मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालायचा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून माणसं गोव्यात आणली. त्यांतले काही घाट चढून पळाले, आणि आज उत्तर कन्नडमध्ये यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात राहणाऱ्या सिद्दींच्या पूर्वजांत या लोकांचा वाटा आहे. ते कोकणी बोलतात, तीत कानडी-मराठी मिसळलेली. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला.

कवंदीची पद्धत अशी: जुनी साडी पायाला घ्यायची, जुन्या कपड्यांचे तुकडे कडेपासून लावत यायचे आणि धावदोऱ्याने गोल गोल फिरत आत मध्यापर्यंत पोचायचं. चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची फुलं. फुलं नसतील तर कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. ख्रिस्ती घरांत क्रूस, मुसलमान घरांत चंद्रकोर दिसते. तुकडे आधी जोडून मग अस्तर लावायची शहरी रीत इथे नाही. तसं केलेली 'कवंदी' दुकानात दिसली तर ती नक्कल समजा.

पण पाउलिनोंची उशी आणि कवंदी यांना एकाच ओळीत बसवू नये. कवंदी अंथरा-पांघरायला केलेली वस्तू आहे, तिची किंमत करणाऱ्या बाईला रोख मिळाली पाहिजे, हा तिथला न्यायाचा प्रश्न. विकत घेताना करणारीचं नाव विचारा, ते लेबलवर आहे का पाहा.

सांजदिवा

यावरून पाउलिनोंचं २०१७ चं 'तांबडा अटलांटिक' आठवलं. त्यात कापडावर निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरशांच्या, आझुलेजूंच्या, प्रतिमा आहेत. शेजारी हाडं, कवट्या, गुलाम स्त्रियांचे फोटो, सगळं काळ्या दोऱ्याने जोडलेलं, दोरे खाली लोंबत सोडलेले. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात आझुलेजूंवर कामोंइशच्या महाकाव्यातली दृश्यं रंगवलेली आहेत. ती पाहायला जाल तेव्हा पाउलिनोंचं हे काम मनात असू द्या. फरशीवर कोणाची कहाणी रंगवली आणि कोणाची नाही, हे तिथे फार स्पष्ट दिसतं.

लिनोकट

दोन नावं राहून जाऊ नयेत. मोझांबिकच्या रेइनाता सादिंबा, जन्म १९४५, माकोंदे समाजातल्या. माकोंदे लाकूडकाम जगप्रसिद्ध, पण ते पुरुषांचं. बायकांनी मातीची भांडी करायची. सादिंबांनी भांड्याच्याच मातीतून माणसं घडवली, बाळंत होणाऱ्या, पोरं अंगावर घेतलेल्या, चेहऱ्यावर माकोंदे गोंदणाच्या रेषा असलेल्या बायका. पृष्ठभागावर ग्राफाइट घासतात, त्यामुळे मातीला शिशाची राखाडी झाक येते. फोटोत ती धातूसारखी भासते, म्हणून पुष्कळ जण ब्राँझ समजतात.

दुसरं नाव ब्राझीलच्या मादालेना दोस सांतोस रेइनबोल्ट (१९१९–१९७७) यांचं. पेट्रोपोलिसजवळ श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकीण होत्या. गोणपाटावर लोकरीने चित्रं भरायच्या, दीडशेहून जास्त सुया वेगवेगळ्या रंगांनी ओवून तयार ठेवायच्या आणि रंगांच्या पेटीतून ब्रश उचलावा तशी सुई उचलायच्या. साओ पाउलोच्या मास्प संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन २०२२ साली केलं, मृत्यूनंतर ४५ वर्षांनी.

दोराबंडल

महाविद्यालयात दोन तासांची कार्यशाळा घ्यायची असेल, वीस मुलं, तर बास्तिदोरेसच्या धर्तीवर काय करता येईल?

लिनोकट

त्यांच्या कामाची नक्कल नको, म्हणजे बाईचा चेहरा घेऊन तोंड शिवायला लावू नका. अनुभव उसना होतो. तंत्र घ्या. प्रत्येकाने घरातल्या अशा व्यक्तीचा फोटो आणायचा जिचं काम घरात मोजलं गेलं नाही, आणि ती हयात असेल तर तिला विचारून. नाही म्हणाली तर दुसरा फोटो.

अ‍ॅसिटोन वीस जणांच्या बंद वर्गात वापरू नका. आदल्या दिवशी मोकळ्या जागेत प्रतिमा उतरवून ठेवा आणि वर्गात फक्त शिवण घ्या. माणशी ३० सेंटीमीटर चौकोन मांजरपाट, २० सेंटीमीटरची रिंग, मोठ्या नाक्याची सुई आणि दोन रंगांचा जाड सुती दोरा प्रत्येकी ३ मीटर. दोरा एका वेळी हातभरच ओवायला सांगा, लांब दोरा गुंततो आणि अर्धा तास गाठी सोडवण्यात जातो. उतरवलेल्या प्रतिमेवर सुई वारंवार एकाच भोकातून गेली की शाई भुगा होऊन पडते, तेव्हा टाके निदान ३ मिलिमीटर अंतरावर.

कुठे टाका घालायचा हे ठरवायला पहिली वीस मिनिटं नुसती बघण्यात जाऊ द्या, सुई हातात न देता. आणि मागची बाजूही भिंतीवर लावता येईल अशी मांडा. पाठीमागच्या गाठी आणि ओढलेले दोरे पाहिल्यावर मुलं आपणहून बोलू लागतात.

अक्षरवाट

एक जोड. फोटोखाली चिठ्ठी लावायचीच असेल तर तिच्यावर आधी त्या व्यक्तीचं पूर्ण नाव, मग ती करत असलेलं काम, आणि करणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव सगळ्यात शेवटी. श्टालने काढलेल्या फोटोंखाली वांशिक गटांची लेबलं आहेत, माणसांची नावं नाहीत.